खिडकीतल्या यंत्राचा भार कोणी वाहावा?

अभ्यंगस्नान आटोपून फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकाला वैशाखातल्या उन्हाची आठवण करून देणे हे तसे अरसिकपणाचेच काम. पण संसारातली काही कामे अशी असतात की, त्यांची गरज उन्हाळ्यात भासते आणि तयारी मात्र थंडीत करावी लागते. एप्रिल उजाडला की गवंडी मिळत नाही, वेल्डर 'उद्या येतो' म्हणतो तो आठ दिवस फिरकत नाही, आणि मग जे काही केले जाते ते उरकल्यासारखे होते. म्हणून या दिवाळी अंकात आम्ही मुद्दाम थंडाव्याचा विषय काढला आहे.

निमित्त झाले हिंगोलीहून आलेल्या एका पत्राचे. पत्र लिहिणाऱ्या ताई म्हणतात : घर दुसऱ्या मजल्यावर आहे. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि उन्हाळ्यात त्यांना रात्र रात्र झोप लागत नाही. खोली थंड ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. खिडकीत बसणारे वातानुकूलन यंत्र, ज्याला आता घरोघरी नुसते 'एसी' म्हणतात, ते घ्यायचे ठरले आहे. परंतु खिडकीखाली शेजाऱ्यांचे अंगण आहे. तिथे मुले खेळतात, वाळवणे पडतात. भिंतीतून बाहेर येणारे लोखंडी ब्रॅकेट आमच्या अंगणावर नको, असे शेजारी म्हणतात. यंत्र बसवून देणारा माणूस म्हणतो, "ब्रॅकेट हवेच कशाला? गज कापतो, यंत्र कट्ट्यावर ठेवतो, खाली दोन विटांच्या पाचरी मारतो. वर्षानुवर्षे हलायचे नाही." हे खरे मानावे काय?

ताई, थोडक्यात उत्तर असे की, बाहेरच्या टेकूवाचून यंत्र बसवता येते. पण विटांच्या पाचरीवर नव्हे. बाहेरचा टेकू काढून टाकला म्हणजे भार नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी वाहावा लागतो. तो कोणी वाहायचा हे आपण आधी ठरवले नाही, तर शेवटी तो खाली खेळणाऱ्या पोरांच्या वाट्याला येतो. हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

कूलर की एसी?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. ऊन मात्र दोघांच्याही वाटणीला सारखेच आले. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जाणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. हे ऊन कोरडे असते, आणि कोरड्या उन्हावर पाण्याचा उतारा चांगला लागू पडतो. इंग्रजी अमदानीत साहेबलोकांच्या बंगल्यांतून 'थर्मँटिडोट' नावाची एक अजस्र पेटी असे. तिला वाळ्याचे ओले तट्टे लावलेले असत, आत पंखा असे, आणि नोकराने दांडा फिरवला की खोलीत गार वारा येई. आज मराठवाड्यात घरोघर दिसणारा कूलर हा त्याच पेटीचा वंशज म्हणायला हरकत नाही.

एसीचे तत्त्व निराळे. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनियराने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी अशा प्रकारची व्यवस्था तयार केली, ती माणसांसाठी नव्हे, तर दमट हवेने फुगणाऱ्या कागदासाठी! पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट करतो. एसी मात्र हवेतले पाणी काढून घेतो. आजारी आणि वृद्ध माणसांच्या खोलीला त्याचा उपयोग होतो तो यामुळे.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. कूलर हलका आणि एसी जड, असे पुष्कळांना वाटते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. साठ लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच साठ किलो झाले, पत्रा आणि पंखा वेगळाच. दीड टनाचा खिडकीतला एसी साधारणपणे पन्नास किलोच्या आसपास असतो. तेव्हा पुढे जे सांगणार आहोत ते खिडकीबाहेर लोंबणाऱ्या कूलरलाही लागू आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हा 'टन' म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. लहान झोपण्याच्या खोलीला एक टन पुष्कळ होते. वर तापणारी गच्ची असेल तर दीड टन लागेल. गरजेपेक्षा मोठे यंत्र म्हणजे विजेचे बिल जादा आणि खिडकीवरचे ओझेही जादा.

भिंतीची जात ओळखा

गवंड्याला बोलावण्यापूर्वी भिंतीची ओळख करून घ्यावी. आपल्याकडे तीन जातींच्या भिंती आढळतात. जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीची, दीड-दोन फूट जाडीची भिंत असते. मधल्या काळातल्या घरांत नऊ इंची विटांची, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटरची. आणि नव्या इमारतींत खांब-तुळयांच्या सांगाड्यामध्ये भरलेली, कधी नऊ तर कधी अवघी साडेचार इंची.

दगड-मातीची जाड भिंत दिसायला भरभक्कम, पण आतून ती सैल असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती ढासळून हजारो माणसे दगावली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. या भिंतीत नुसता बोल्ट ठोकला तर तो मातीतच बसतो. तिथे खड्डा करून काँक्रीट भरावे आणि त्यात लोखंडी पकड, म्हणजे होल्डफास्ट, पुरून ते पुरते पिकू द्यावे. साडेचार इंची भिंतीवर तर हा प्रयोग करूच नये.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आक्रसणारी ही जमीन पायाला स्वस्थ बसू देत नाही. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघालेल्या पुष्कळ घरांत दिसतात. गिलाव्यावरची केसासारखी रेघ ही चिंतेची बाब नव्हे. पण भेगेत नाणे जात असेल, किंवा ती दरवर्षी वाढत असेल, तर आधी इंजिनियराला दाखवावे; यंत्राचे नंतर पाहावे.

तिसरी गोष्ट खिडकीचा कट्टा. वर बसवलेली कडप्प्याची फरशी ही शोभेची असते. तिच्या भिंतीबाहेर डोकावणाऱ्या कडेवर भार देऊ नये. फरशीवर हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर ती उखडून खाली सिमेंटचा नवा थर द्यावा. आणि खिडकीचे गज? ते चोराला अडवण्यासाठी आहेत, एसीला पेलण्यासाठी नाहीत. लाकडी चौकटीला चार स्क्रूंनी अडकवलेल्या जाळीवर पन्नास किलोचे यंत्र ठेवणे म्हणजे उतरंडीच्या गाडग्यावर पाय देऊन माळ्यावर चढण्यासारखे आहे. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची पट्टीही तशीच. तिच्यावर काच सरकावी, यंत्र नव्हे.

वानराचा हिशेब

आता थोडे गणित. घाबरू नका, भाजीवाल्याच्या तराजूपलीकडे ते जात नाही.

समजा, यंत्राची समोरपासून मागेपर्यंतची लांबी ७० सेंटिमीटर आहे आणि वजन ५० किलो. त्यातले २२ सेंटिमीटर खोलीत राहिले, २३ सेंटिमीटर भिंतीने घेतले आणि २५ सेंटिमीटर बाहेर गेले. भिंतीची बाहेरची कड म्हणजे तराजूची दांडी जिथे टेकते ती जागा. ती यंत्राच्या समोरच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरवर आली.

एसीचा कॉम्प्रेसर हा जड भाग मागच्या बाजूला असतो. त्यामुळे त्याचा तोल मध्यावर नसतो, मागे झुकलेला असतो. तोलाची जागा शोधायची युक्ती सोपी आहे. यंत्र जमिनीवर सरळ उभे असतानाच दोघांनी धरून ते एका लोखंडी नळीवर ठेवावे आणि सावकाश मागेपुढे करून कुठे समतोल होते ते पाहून खडूची खूण करावी. समजा, ही खूण समोरून ४० सेंटिमीटरवर आली. म्हणजे तोल भिंतीच्या कडेच्या आत फक्त पाच सेंटिमीटर राहिला. यंत्र आपले आपण बसून राहील. बसवणारा हात झटकून म्हणेल, "पाहा, हलले तरी का?"

हलले नाही हे खरे. पण आता एक वानर येऊ द्या. मराठवाड्यात त्यांना निमंत्रण लागत नाही. पंधरा किलोचे वानर यंत्राच्या बाहेरच्या भागावर, भिंतीपासून वीस सेंटिमीटरवर बसले. त्याचा जोर पंधरा गुणिले वीस, म्हणजे तीनशे. यंत्राला आत धरून ठेवणारा जोर पन्नास गुणिले पाच, म्हणजे अडीचशे. वानर जिंकले! आणि हे झाले निमूटपणे बसलेल्या वानराचे. ते उडी मारून आले तर त्याचा भार तिप्पट धरायला हवा. मग जोर झाला नऊशे. त्यातून अडीचशे वजा जाता साडेसहाशे उरले. हा जोर आतल्या बाजूने, भिंतीच्या आतल्या कडेपाशी, म्हणजे दांडीच्या टेकूपासून २३ सेंटिमीटरवर दाबून धरायचा, तर सुमारे २८ किलोचा दाब हवा. विटेची पाचर हा दाब देत नाही. ती खालून उचलते; वरून धरत नाही. सगळा घोटाळा आहे तो इथे.

वानराहूनही मोठा पाहुणा कधी कधी येतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि पाठोपाठ आणखी एक. पुन्हा त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातनंतर तेवढ्याच तीव्रतेचा धक्का जाणवला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेसारख्या गावांना तर जमिनीतून येणारे गूढ आवाज परिचयाचे झाले आहेत. मार्चमधल्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना केली होती : पत्र्याच्या छपरावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. ही सूचना आम्हांला फार मोलाची वाटते. नुसत्या वजनाने जागेवर राहिलेली वस्तू धक्का बसेपर्यंतच जागेवर राहते. तेव्हा खिडकीत जे ठेवायचे ते ठेवू नये, बांधावे.

आतली घडवंची

बाहेरून टेकू द्यायचा नाही, तर आतून धरायचे. त्यासाठी आपल्या जुन्या घडवंचीची आठवण करावी. गाद्या किंवा हंडे ठेवण्यासाठी घरोघर असे तशीच, पण लोखंडी अँगलची आणि भिंतीला जखडलेली.

चाळीस मिलिमीटर रुंदीच्या आणि पाच मिलिमीटर जाडीच्या अँगलचे दोन उभे पाय खोलीच्या बाजूने, खिडकीखालच्या भिंतीला अगदी चिकटून उभे करावेत. ते जमिनीपर्यंत पोचले पाहिजेत. त्यांच्या माथ्यावर दोन आडवे अँगल जोडावेत. हे आडवे अँगल आत यंत्राच्या समोरच्या कडेपर्यंत यावेत, कट्ट्याच्या सबंध रुंदीवर टेकावेत आणि बाहेर यंत्राच्या मागच्या कडेच्या अलीकडे संपावेत. म्हणजे यंत्रापेक्षा अधिक काही शेजाऱ्यांच्या अंगणावर येत नाही. दोन्ही आडवे अँगल एकमेकांना किमान दोन ठिकाणी पट्टीने जोडावेत. बाहेरच्या टोकाला वर वळवलेली ठोकर असावी, कारण यंत्र किंचित बाहेरच्या उतारावर बसवायचे असते आणि कंपनाने ते उताराकडे सरकू पाहते.

पाय भिंतीला बोल्टने जखडायचे यात एक मर्म आहे. भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला तसबीर अडकवली तर तो वर्षानुवर्षे टिकतो. तोच खिळा सरळ आपल्याकडे ओढला तर हातात येतो. आपली घडवंची उलटू पाहील तेव्हा तिचे पाय वर उचलले जातील, म्हणजे बोल्टवर आडवा जोर येईल, सरळ ओढ येणार नाही. म्हणून पायांना बोल्ट मारणे हे वरून मारण्यापेक्षा श्रेयस्कर. प्रत्येक पायाला दहा मिलिमीटर जाडीचे निदान तीन बोल्ट असावेत. ते विटेच्या पोटात जावेत, सांध्यातल्या मसाल्यात नव्हे. आणि खिडकीच्या कडेपासून चांगले चार-पाच इंच खाली असावेत, नाहीतर विटेचा टवका उडतो.

मग परीक्षा घ्यावी. ही परीक्षा खोलीतच होते, अंगणावर काही लोंबत ठेवावे लागत नाही. आडव्या अँगलच्या आतल्या टोकाखाली पहार घालावी आणि एका धडधाकट माणसाने ती नेटाने वर उचलून पाहावी. बोल्ट जरा जरी हलला, भिंतीची धूळ जरी पडली, तरी ते काम नापास. आधी ते दुरुस्त करावे. कारागिराने तोंड वेडेवाकडे केले तरी ही परीक्षा टाळू नये.

आता भिंतीच्या जाडीचा प्रश्न. वाचक म्हणतील, मग यंत्र सगळेच आत ओढून घेतले तर? तसे करता येत नाही. यंत्राच्या दोन्ही अंगांना आणि काहींच्या माथ्यावर पत्र्यात फटी असतात. त्यांतून ते बाहेरची हवा घेते आणि खोलीतली उष्णता मागून बाहेर टाकते. या फटी भिंतीत गाडल्या गेल्या तर यंत्राचा श्वास कोंडतो, ते तापते, थंडावा देत नाही आणि लवकर मोडते. म्हणून फटी जिथून सुरू होतात त्याच्या अलीकडेच भिंत संपली पाहिजे. भिंत जाड असेल तर बाहेरच्या अंगाने खिडकीच्या बाजू तासून तिरप्या कराव्यात, तोंड बाहेर पसरत जाईल अशा. दोन फुटी दगडी भिंतीत हे जमणे कठीण. तिथे या यंत्राचा नाद सोडलेला बरा.

बसवण्याचा दिवस

त्या दिवशी शेजाऱ्यांना आधी सांगावे. मुलांना आणि वाळवणाला दोन तास अंगणातून हलवावे, आणि खाली एक जाणते माणूस उभे करावे. अगदी खिडकीखाली नव्हे, बाजूला. यंत्र निदान दोघांनी उचलावे. कोणीही खिडकीबाहेर ओणवे होऊन काम करू नये. जे काम आतून होत नाही ते या पद्धतीत करायचेच नाही.

काही यंत्रांचा आतला सांगाडा पेटीतून समोर ओढून काढता येतो. घ्यायचेच असेल तर असे यंत्र घ्यावे. आधी रिकामी पेटी अँगलवर बसवून स्क्रूंनी घट्ट करावी, आणि मग जड सांगाडा खोलीतून आत सरकवावा. सबंध यंत्र एकदम बसवायचे असेल तर त्याला भक्कम दोर बांधून दुसरे टोक पलंगाच्या पायाला नव्हे, तर शेजारच्या खिडकीच्या भिंतीत पुरलेल्या गजाला किंवा खास मारलेल्या हुकाला बांधावे. शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत दोर सोडू नये.

पेटीच्या माथ्यावर आतून एक आडवी पट्टी येऊ द्यावी आणि ती दोन्ही बाजूंच्या भिंतीला जखडावी. अँगल आणि पेटी यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी, म्हणजे रात्री भिंत गुणगुणत नाही. उतार मागच्या बाजूला पाव ते अर्धा इंच असावा. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत जो सांगितला असेल तो प्रमाण मानावा आणि पाणसळ लावून तपासावा. कापलेल्या गजांची उरलेली टोके चौकोनी पट्टीला वेल्ड करून बंद करावीत, नाहीतर एसीच्या बाजूने चोरालाही गार वारा मिळायचा. उरलेली फट लाकडी फळीने आणि फोमने बुजवावी. मात्र खोलीला तेवढी एकच खिडकी असेल तर ती संपूर्ण बुजवू नये. अडीअडचणीला बाहेर पडायची वाट आणि ताजी हवा दोन्ही हवीत.

वीज, पाणी आणि शेजारधर्म

दीड टनाचे यंत्र सात-आठ अँपिअर वीज घेते. मिक्सरच्या सॉकेटमधून त्याला वीज देणे म्हणजे छकड्याला उसाची गाडी जुंपणे. मीटरपासून स्वतंत्र तार ओढावी. ती तांब्याची आणि निदान अडीच, लांबचा पल्ला असेल तर चार चौरस मिलिमीटरची असावी. सोळा अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी यांत काटकसर नको. महावितरणकडचा मंजूर भार पुरेसा आहे की नाही तेही पाहावे. अर्थिंगचा खड्डा ही तर आपल्याकडे विस्मरणात गेलेली वस्तू. भर उन्हाळ्यात, यंत्र चालू असते नेमके तेव्हाच, जमीन वाळून भेगाळते आणि अर्थिंग निकामी होते. तुळशीला पाणी घालताना चार तांबे त्या खड्ड्यातही घालावेत. लोखंडी घडवंचीलाही अर्थिंगची तार जोडून घ्यावी.

यंत्रातून ठिबकणारे पाणी नळीने आपल्याच न्हाणीत किंवा कुंड्यांत सोडावे. शेजाऱ्यांनी ब्रॅकेटला नकार दिला यात त्यांचे चुकले असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्या अंगणावर आपले ओझे, आपले पाणी आणि आपली गरम हवा येणार; तेव्हा यंत्राचा वीतभर भाग जरी बाहेर राहणार असला तरी तो त्यांना आधी दाखवून त्यांची संमती घ्यावी. घडवंची आणि तिची परीक्षा त्यांना प्रत्यक्ष पाहायला बोलावले तर संमती लवकर मिळते, असे सुचवावेसे वाटते.

पुढे दरवर्षी, दिवाळीच्या साफसफाईत, या खिडकीलाही एक तास द्यावा. नट आवळावेत, गंज खरवडून लाल ऑक्साइडचा हात मारावा, रबर चिरले असेल तर बदलावे, पारव्यांनी मागे घरटे केले आहे का पाहावे. भिंतीत नवी भेग दिसली तर यंत्र उतरवून ठेवावे. भूकंपाचा धक्का जाणवला तर त्याच दिवशी पहारेची परीक्षा पुन्हा घ्यावी.

'नको' म्हणण्याचे धैर्य

हे सगळे वाचून कोणी विचारील, इतका खटाटोप करायचा तर सोपा मार्ग नाही का? आहे. भिंत साडेचार इंची, दगड-मातीची किंवा भेगाळलेली असेल तर खिडकीतले यंत्र घेऊच नये. दोन भागांचे स्प्लिट यंत्र घ्यावे आणि त्याचा बाहेरचा भाग भिंतीवर न टांगता गच्चीवर, चौथऱ्यावर ठेवावा. तो पडला तर आपल्याच गच्चीवर पडेल. किंमत थोडी अधिक, पण झोप शांत लागते. भाड्याच्या घरात तर घरमालकाच्या परवानगीवाचून भिंतीला हात लावू नये.

आणि यंत्र येईपर्यंत, किंवा आले तरी, गच्चीला मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून वाळ्याचा पडदा सोडावा. तापमान चोवीसवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून स्टार-मानांकनाच्या खोलीतल्या एसींना सुरुवातीचे तापमान चोवीस अंश ठेवण्याचा सरकारी नियमच आहे. वृद्धांना तर पंचवीस-सव्वीस अंश आणि जोडीला मंद पंखा अधिक मानवतो. जेवढे यंत्राचे काम कमी, तेवढे लहान यंत्र पुरते; आणि जेवढे यंत्र लहान, तेवढे खिडकीवरचे ओझे हलके.

तेव्हा ताई, तुमच्या कारागिराला इतकेच विचारा : "वानर बसले तर यंत्र आतून कोण धरील?" त्याने बोल्ट दाखवला तर त्याला काम द्या, वीट दाखवली तर चहा देऊन निरोप द्या. सासऱ्यांना गार झोप लागावी आणि खालच्या अंगणात मुलांनी निर्धास्त खेळावे, ही दोन्ही सुखे एकाच खिडकीतून मिळण्यासारखी आहेत.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची आणि येणारा उन्हाळा सुसह्य जावो!